फॉन्टमधलं चिन्ह सापडत नाही, किंवा सापडून पुन्हा हरवतं: कुठे आणि कसं शोधायचं

मजकूर तयार असतो, मांडणी झालेली असते आणि एका चिन्हापाशी काम अडतं. रुपयाचं ₹ हवंय. ‘ऱ्या’ जमत नाही. ‘ॲ’ लिहायला जावं तर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. पत्रिकेच्या डोक्यावर स्वस्तिक हवं असतं आणि ते कुठल्याच यादीत दिसत नाही. मग शोधाशोध होते, कुठून तरी ते चिन्ह उचलून आणलं जातं, काम भागतं. आठवड्याने तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडते आणि त्या जागी नुसता चौकोन. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी बरीच वर्षं स्मरणिका, पत्रिका आणि शाळांच्या वार्षिक अंकांची मांडणी करतो. एका स्मरणिकेत आभाराच्या पानावर ‘आचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार’ असं होतं. छापून आलं ‘आचार्यांचे मनःपूर्वक आभार’. चुलीपाशी उभं राहून सगळ्या पंगती ज्यांनी सांभाळल्या, त्यांचा उल्लेखच कागदावरून पुसला गेला. मुद्रितं तपासणाऱ्याच्या नजरेला ते खटकलं नाही, कारण ‘आचार्य’ हाही शब्द बरोबरच आहे. माझ्या पडद्यावर मूळ मजकूर अगदी नीट होता. एका प्रोग्राममधून दुसऱ्यात जाताना त्यातला एक न दिसणारा वर्ण गळला होता. त्या दिवसापासून मी चिन्ह शोधायच्या आधी एक गोष्ट ठरवून घेतो: मला हवं आहे ते वर्ण आहे की आकार?

वर्ण म्हणजे ज्याला युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या सामाईक यादीत, स्वतःचा क्रमांक आहे तो. ‘क’ला आहे, हलन्ताला आहे, ₹ ला आहे, ॐ ला आहे. आकार म्हणजे फॉन्ट जे प्रत्यक्ष चित्र काढतो ते. फॉन्टवाले त्याला ग्लिफ म्हणतात. ‘क्ष’ला स्वतंत्र क्रमांक नाही. क, हलन्त आणि ष हे तीन वर्ण एकापुढे एक आले की फॉन्ट तो आकार घडवतो. ‘ज्ञ’, ‘त्र’, ‘श्र’ यांचंही तसंच. ‘ऱ्या’तली ती आडवी पापणीसारखी खूण, तिलाही क्रमांक नाही. म्हणून ती विंडोजच्या कॅरेक्टर मॅपमध्ये कितीही वेळ शोधली तरी सापडणार नाही. ती तिथे असूच शकत नाही, कारण ती यादी फक्त क्रमांक असलेल्यांची आहे. वर्ण शोधायची जागा वेगळी आणि आकार शोधायची वेगळी.

आधी पडद्यावर काय दिसतंय ते वाचा

बिघाड कसला आहे हे तो स्वतःच सांगत असतो.

रिकामा चौकोन दिसला तर वर्ण शाबूत आहे, फॉन्टकडे त्याचं चित्र नाही. फॉन्ट बदलला की तो दिसू लागेल. प्रश्नचिन्ह दिसलं तर गोष्ट गंभीर आहे: वर्णच नष्ट झाला आहे. मजकूर कुठेतरी जुन्या, मोजक्या वर्णांच्या पद्धतीत जतन झाला आणि ज्यांना तिथे जागा नव्हती त्या सगळ्यांची प्रश्नचिन्हं झाली. फॉन्ट बदलून काही होत नाही. मूळ फाइल शोधावी लागते आणि ती यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडचे सगळे वर्ण सांभाळणाऱ्या पद्धतीत, जतन करावी लागते. नोटपॅडमधून जतन करताना तिथे ‘एएनएसआय’ ही जुनी पद्धत निवडलेली तर नाही ना, एवढं पाहिलं तरी हा अपघात टळतो.

ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर मात्रेला टेकायला योग्य अक्षर मिळालेलं नाही, म्हणजे क्रम किंवा जोडी चुकली आहे. जोडाक्षर न होता हलन्त उघडा पडला, तर एकतर फॉन्टमध्ये तो जोड नाही, नाहीतर मध्ये जोड तोडणारा अदृश्य वर्ण शिरला आहे. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली, तर प्रोग्राम देवनागरीची जुळणीच करत नाहीये. इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्राममध्ये हे फार होतं. तिथे परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू केला की वेलांट्या जागेवर येतात. आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर तो मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. तो जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला आहे आणि तो फॉन्ट या संगणकावर नाही.

क्रमांक असलेला वर्ण शोधताना

विंडोजवर रनच्या खिडकीत ‘चारमॅप’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की कॅरेक्टर मॅप उघडतो. वर फॉन्ट निवडा, खाली प्रगत दृश्याच्या चौकोनात खूण करा, कॅरेक्टर सेट ‘युनिकोड’ ठेवा आणि गटवारीत ‘युनिकोड सबरेंज’ निवडा. मग देवनागरी, चलनचिन्हं, गणिती चिन्हं असे कप्पे वेगवेगळे पाहता येतात. पुष्कळजण ही खूण करत नाहीत आणि सगळी यादी डोळ्यांनी चाळत बसतात. क्रमांक माहीत असेल तर तो तिथेच टाकून थेट त्या वर्णावर जाता येतं, इंग्रजी नावानेही शोधता येतं.

वर्डमध्ये याहून सोपी वाट आहे. क्रमांक इंग्रजी कळांनी टाइप करायचा आणि लगेच ऑल्ट आणि एक्स एकत्र दाबायचे. २०बी९ लिहून हे केलं की ₹ येतं. आधीच्या आकड्यांना चिकटून लिहिलं तर वर्ड तेही क्रमांकात धरतो, म्हणून मध्ये जागा सोडा किंवा तेवढाच भाग निवडून मग कळा दाबा. मला या कळांचा उलटा उपयोग जास्त आवडतो. कुठल्याही अनोळखी वर्णाच्या लगेच मागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबलं की त्याचा क्रमांक समोर येतो. पुन्हा दाबलं की वर्ण परत. लिबरऑफिस रायटरमध्येही हेच चालतं. दुसऱ्याने पाठवलेल्या मजकुरात नेमकं काय दडलंय हे तपासायला याहून जलद साधन माझ्या पाहण्यात नाही.

अंश, गुणिले, अर्धा यांसारख्या साध्या चिन्हांसाठी विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबून उघडणारी इमोजीची पाटी पुरते; तिच्यात चिन्हांचा वेगळा विभाग आहे. आकड्यांची वेगळी पाटी असलेला कीबोर्ड असेल तर ऑल्ट धरून ०१७६ ला °, ०२१५ ला ×, ०१८९ ला ½ मिळतं. मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेसबार एकत्र दाबले की वर्णांची खिडकी उघडते. एखादा वर्ण निवडला की तो कुठल्या कुठल्या फॉन्टमध्ये कसा दिसतो, तेही तिथे बाजूला कळतं.

लिनक्सवाल्यांकडे तर या प्रश्नाचं सरळ उत्तर देणारी आज्ञा आहे. एफसी-लिस्ट ही आज्ञा, मग एक जागा, मग कोलन आणि त्याला चिकटून चारसेट, बरोबरचं चिन्ह आणि क्रमांक, सगळं इंग्रजी कळांनी. तो वर्ण असलेल्या, संगणकावरच्या सगळ्या फॉन्टची यादी समोर येते. विंडोजवर हेच काम बेबलमॅप हा मोफत प्रोग्राम करतो. ‘या फॉन्टमध्ये ते चिन्ह कुठे आहे’ असं शोधण्यापेक्षा ‘ते चिन्ह कुठल्या फॉन्टमध्ये आहे’ असं विचारलं तर अर्धा वेळ वाचतो.

दिसतंय, पण ते याच फॉन्टचं आहे का?

चिन्ह परत परत हरवण्याचं मुख्य कारण इथे आहे. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादा वर्ण नसेल तर आजचे प्रोग्राम गप्प बसून दुसऱ्या फॉन्टमधून तो आणून दाखवतात. तुम्हाला वाटतं, फॉन्टमध्ये आहे. दुसऱ्या संगणकावर तो पर्यायी फॉन्ट नसतो आणि चौकोन येतो, किंवा भलत्याच वळणाचं, भलत्याच जाडीचं चिन्ह येतं.

वर्डमध्ये फक्त ते एक चिन्ह निवडा आणि वर फॉन्टचं नाव वाचा. पुष्कळदा तिथे दुसरंच नाव निघतं. वेबपानावर फायरफॉक्सच्या तपासणी-खिडकीत फॉन्टचा वेगळा कप्पा आहे, तो प्रत्यक्ष वापरलेले फॉन्ट सांगतो. इनडिझाइन पर्यायी फॉन्ट आणत नाही, गुलाबी पट्टा दाखवून मोकळा होतो. सुरुवातीला मला त्याचा त्रास वाटायचा. आता वाटतं, छपाईच्या कामात असंच हवं.

चिन्ह खरंच त्या फॉन्टमध्ये नसेल तर त्याच्यासाठी सोबतीचा एक फॉन्ट ठरवून टाका आणि त्याची कॅरेक्टर स्टाइल, म्हणजे एका नावाखाली जतन केलेली अक्षरांची मांडणी, करा. शंभर ठिकाणी हाताने फॉन्ट बदलला की पुढच्या आवृत्तीत नेमक्या दोन जागा राहतात.

रुपयाचं चिन्ह

हे चिन्ह भारत सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं, रचना डी. उदय कुमार यांची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला २०बी९ हा क्रमांक मिळाला. त्यामुळे त्याआधी तयार झालेल्या आणि नंतर न सुधारलेल्या फॉन्टमध्ये ते असणं शक्यच नाही. चलनचिन्हांच्या कप्प्यात त्याच्या अलीकडे २०ए८ वर एक वेगळं जुनं चिन्ह आहे, इंग्रजी आर आणि एस जोडलेलं. घाईत पुष्कळजण तेच उचलतात.

क्रमांक मिळायच्या आधीच्या काही महिन्यांत एक तात्पुरती सोय पसरली होती: इंग्रजीतल्या उलट्या टिंबाच्या (`), म्हणजे एक या आकड्याच्या डावीकडच्या कळेवर रुपयाचं चित्र बसवलेला फॉन्ट. लोकांनी तो आनंदाने वापरला. पण फाइलमध्ये रुपया कधी नव्हताच; होतं ते उलटं टिंब. जुनी दरपत्रकं आज उघडली की आकड्यांच्या आधी तसं टिंब दिसतं, त्याचं कारण हे. अशा फाइलीत शोधा-बदला करून प्रत्येक टिंबाच्या जागी खरं ₹ घालणं एवढाच इलाज आहे. टाइप करायला विंडोजवर इंग्रजी (भारत) कीबोर्ड निवडा. उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की ते येतं.

‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि मराठी ल-श

‘ऱ्या’ लिहायच्या दोन रीती आहेत. एक: ऱ (क्रमांक ०९३१), हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, मग झीरो विड्थ जॉइनर हा न दिसणारा वर्ण (२००डी), मग य. कागदावर दोन्ही सारखेच. पण दुसऱ्या रीतीतला अदृश्य वर्ण काही प्रोग्राम ‘कचरा’ समजून काढून टाकतात, आणि मग दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा होत्या त्याचा दर्या म्हणजे समुद्र होतो. आमच्या आचाऱ्यांचंही असंच झालं होतं. म्हणून मी पहिल्या रीतीचा आग्रह धरतो: तिच्यात गळण्यासारखं काही नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो, डी वर हलन्त आहे. बाहेरून आलेला मजकूर हातात घेतला की वर सांगितलेली ऑल्ट-एक्सची तपासणी एकदा करा. दुसऱ्या रीतीचे ‘ऱ्या’ असतील तर सगळे एकदम बदलून घ्या, मगच मांडणीला बसा.

‘ॲ’चा घोळ थोडा वेगळा आहे. ॲ ला ०९७२ हा क्रमांक २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तोवरच्या कीबोर्डांवर तो नव्हता, म्हणून लोक अ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यायचे. सवय अजून टिकून आहे. काही प्रोग्राम ती जोडी सरळ दाखवतात, काही मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ घालतात; त्यामुळे एकाला दिसणारा दोष दुसऱ्याला दिसत नाही आणि फोनवर वाद होतात. शिवाय ‘ॲप’ शोधलं तर जोडीने लिहिलेला शब्द सापडत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ते दोन वेगळे मजकूर आहेत. अक्षरामागे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा: ०९७२ आलं तर ठीक, ०९४५ आलं तर ती जोडी आहे. एकदा शोधा-बदला चालवलं की पूर्ण फाइल साफ होते. आणखी एक जवळचा वर्ण ०९०डी वर आहे, ए वर अर्धचंद्र असलेला ऍ. तो मराठीतला ॲ नव्हे.

ल आणि श यांची गोष्ट निव्वळ आकाराची आहे. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला आहे. पण युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल वेगळे नाहीत, एकच क्रमांक आहे. मग मराठी वळण कुठे शोधायचं? कॅरेक्टर मॅपमध्ये नाही. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं की फॉन्ट आपोआप मराठी वळण पुढे करतो. नोटो सान्स देवनागरीत ही सोय आहे. लिबरऑफिसमध्ये निवडलेल्या मजकुराची भाषा मराठी करा, इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधली भाषा पाहा, वेबपानावर पानाच्या भाषेचा संकेत ‘एमआर’ द्या. नुसती भाषा हिंदीवर राहिल्यामुळे पूर्ण अंकाचा ल परका दिसलेला मी पाहिला आहे, आणि त्यासाठी फॉन्ट विकत घ्यायची तयारी चाललेलीही.

आकार पाहायचेच असतील तर

इनडिझाइनमधली ग्लिफची खिडकी, मॅकवर फॉन्ट बुकमधलं सर्व ग्लिफ दाखवणारं दृश्य, किंवा फॉन्टड्रॉप नावाच्या संकेतस्थळावर फॉन्टची फाइल सोडणं. या तिन्ही ठिकाणी क्रमांक नसलेले आकारसुद्धा दिसतात. संस्कृत किंवा वैदिक मजकूर असेल तर आयआयटी मुंबईचा शोभिका हा मुक्त फॉन्ट जरूर उघडून पाहा. त्यात १६०० हून जास्त देवनागरी आकार आहेत आणि स्वरचिन्हंही. ‘द्घ’, ‘ङ्म’, ‘ह्ण’ असे जोड साध्या फॉन्टमध्ये तुटतात, त्यात टिकतात.

ग्लिफच्या खिडकीतून दोनदा क्लिक करून आकार घालता येतो खरा, पण जोडाक्षरांसाठी मी ते टाळतो. वर्ण टाइप करावेत आणि जोड फॉन्टला घडवू द्यावा. मग फॉन्ट बदलला तरी मजकूर वाचता येतो.

कप्प्याबाहेरची चिन्हं

अवग्रह ऽ, दंड ।, दुहेरी दंड ॥, ॐ ही सगळी देवनागरीच्या कप्प्यात, ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यात आहेत. स्वस्तिक मात्र तिथे नाही. ते तिबेटी लिपीच्या कप्प्यात आहे, ०एफडी५ वर; चार टिंबांसह हवं असेल तर ०एफडी७. म्हणून देवनागरी फॉन्ट कितीही चाळला तरी ते मिळत नाही. पत्रिकेपुरतं हवं असेल तर मी ते रेखाचित्र म्हणूनच बसवतो, कलश आणि गणपतीसारखं. अशा चित्रांचे सजावटी फॉन्ट पुष्कळ आहेत, पण त्यांत गणपतीच्या मागे एखादं इंग्रजी अक्षर किंवा खासगी वापराचा क्रमांक असतो. फॉन्ट हरवला की पत्रिकेच्या माथ्यावर नुसतं ते अक्षर उरतं. छपाईला द्यायच्या आधी त्यांचं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टची गरज नसलेल्या रेषांच्या चित्रात, रूपांतर करा.

जुन्या दप्तरांवर काम करणाऱ्यांसाठी: पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघांच्या खुणा ए८३० पासून पुढे आहेत, २००९च्या ५.२ आवृत्तीपासून. मोडी लिपी २०१४ साली ७.० मध्ये आली, ११६०० पासून. एवढ्या मोठ्या क्रमांकापर्यंत कॅरेक्टर मॅप पोचत नाही. तिथे बेबलमॅपच लागतो, आणि नोटो सान्स मोडीसारखा फॉन्ट.

जुन्या पद्धतीचे फॉन्ट

युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये सगळं उलटं आहे. तिथे इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असतात: अर्धा श एका घरात, रफार दुसऱ्यात. त्यामुळे तिथे आकार शोधायला कॅरेक्टर मॅपच उपयोगी. फॉन्ट निवडा, घर शोधा, खाली उजवीकडे ऑल्टसोबतचा क्रमांक दिसला तर तो लिहून ठेवा. प्रत्येक कंपनीची घरं वेगळी, तेव्हा एकाचा तक्ता दुसऱ्याला चालत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलात तर ‘ऱ्या’, रफार आणि ‘ॲ’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा.

छपाईला पीडीएफ द्यायच्या आधी फाइलच्या गुणधर्मांतली फॉन्टची यादी उघडून प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला, असं आहे ना ते पाहतो. त्यात कधी न निवडलेल्या फॉन्टचं नाव दिसलं, की कुठलं तरी चिन्ह परक्या फॉन्टमधून आलंय हे लगेच कळतं.

आणि नवा फॉन्ट हाती आला की त्यात आधी ही ओळ टाकतो: ‘॥ श्री ॥ दऱ्याखोऱ्यांतल्या आचाऱ्यांनी ॲल्युमिनिअमच्या पातेल्याला ₹४५० मोजले, उद्घाटन, वाङ्मय, अपराह्ण, शृंगार, कॉफी, सोऽहम्, ३०° × ½.’ आधी ऱ्या, मग ॲ, मग ₹ आणि ½ ची जाडी बाकी अक्षरांशी जुळते का, या क्रमाने ती वाचतो. तुटलेला जोड किंवा परकं चिन्ह दिसलं तर त्या फॉन्टच्या नावापुढे नोंद करतो आणि सोबतीचा फॉन्ट तेव्हाच ठरवतो.